दहापैकी सात, पण कोणाचे?

अमेरिकेत घर शोधायला निघालेल्या मराठी जोडप्याशी पाच मिनिटं बोला. स्वयंपाकघर केवढं आहे, तळघर कोरडं आहे का, याच्या आधी एक आकडा कानावर पडतो. “घर छान आहे हो, पण मिडल स्कूल सहा आहे.” शाळेला सहा मिळाले असं नाही, शाळाच सहा आहे. सोनं बावीस कॅरेटचं असावं तसं. ‘ग्रेटस्कूल्स’ नावाची ना-नफा संस्था 1998 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. ती शाळांना एक ते दहा अशी श्रेणी देते आणि घरांच्या जाहिरातींत फोटोखाली ती एका छोट्या गोलात दिसते. त्या गोलावर लाखो डॉलरचे व्यवहार ठरतात.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की ब्लेझर, बस आणि भरमसाठ फी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्याचा अर्थ सरळ आहे. पब्लिक म्हणजे सरकारी, फुकट आणि सगळ्यांसाठी. तिथली दहातली आठाहून जास्त मुलं अशाच शाळांत जातात. मात्र कोणत्या शाळेत जायचं हे बहुतेक ठिकाणी घराचा पत्ता ठरवतो. रस्त्याच्या अलीकडे राहिलात तर ही शाळा, पलीकडे राहिलात तर ती. शिवाय शाळांच्या एकूण पैशातला जवळजवळ निम्मा वाटा स्थानिक असतो आणि तो मुख्यतः घरपट्टीतून येतो. म्हणजे महाग घरांच्या वस्तीतली शाळा बरी चालते, शाळा बरी म्हणून घरं आणखी महाग होतात, आणि हे चक्र सुरूच राहतं. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1999 साली हे मोजलं. बॉस्टनच्या उपनगरांत एकाच वस्तीतली, पण शाळेच्या हद्दीच्या दोन बाजूंना पडलेली घरं त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी वाढले तर पालक घरासाठी अडीच टक्के जास्त मोजायला तयार होते. झाडं तीच, फुटपाथ तोच, फरक फक्त नकाशावरच्या रेषेचा.

तर या आकड्याच्या मागे काय असतं?

मिडल स्कूल म्हणजे सहसा सहावी ते आठवी, अकरा ते चौदा वर्षांची मुलं. प्रत्येक राज्य दरवर्षी आपल्या प्रत्येक शाळेचं एक प्रगतिपुस्तक छापतं. मुलाचं नव्हे, शाळेचं. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. एका बाजूला मुलं कोण आहेत: किती, कोणत्या वंशाची, किती गरीब, किती जणांना इंग्रजी अजून येत नाही, किती जणांना अपंगत्वामुळे वेगळ्या मदतीची गरज आहे. दुसऱ्या बाजूला मुलांना काय येतं: वाचनात किती टक्के ‘प्रवीण’, गणितात किती टक्के. हे सगळं अंगवळणी पडलं ते 2002 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यामुळे. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यायची, आणि निकाल नुसता एकूण नव्हे तर गटवार सांगायचा. हेतू चांगला होता. सरासरीच्या पांघरुणाखाली गरीब किंवा कृष्णवर्णीय मुलांचं मागे पडणं झाकलं जाऊ नये. मात्र त्याच कायद्यानं 2014 पर्यंत देशातलं एकूण एक मूल ‘प्रवीण’ करायचं असंही लिहून ठेवलं होतं. कायद्यानं पाऊस पाडण्यातला प्रकार. 2015 साली नवा कायदा आला, त्यानं ती मुदत काढून टाकली आणि परीक्षा व गटवारी ठेवली.

वाचणारे बहुधा दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करतात. गंमत पहिल्या बाजूला आहे.

गरिबीचंच घ्या. मूल गरीब आहे हे शाळेला कसं कळतं? शाळा पगाराची चिठ्ठी मागत नाही. ती दुपारच्या जेवणावरून ओळखते. 1946 च्या कायद्यापासून अमेरिकेत सरकारी मदतीवर शाळेत जेवण मिळतं. घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांच्या आत असेल तर जेवण फुकट, 185 टक्क्यांच्या आत असेल तर सवलतीत. चौघांच्या कुटुंबाला 2024-25 साली या मर्यादा वर्षाला 40,560 आणि 57,720 डॉलर होत्या. सवलतीत जेवणाऱ्या मुलांचा टक्का म्हणजेच शाळेतल्या गरिबीचा टक्का, असं पिढ्यान्‌पिढ्या धरलं गेलं. हजारो प्रबंध या ताटावर वाढले गेले.

पुढे ताटच बदललं. 2010 च्या एका कायद्यानं गरीब वस्तीतल्या शाळांना मुभा दिली: कोणाकडूनही अर्ज भरून घेऊ नका, सगळ्यांनाच फुकट जेवू घाला. मुलांच्या दृष्टीनं हे फार चांगलं झालं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला फुकट जेवणाच्या रांगेत ओळखलं जाणं किती झोंबतं, हे कोणालाही सांगायला नको. पण काही ठिकाणी कागदावर अशा शाळेची सगळी मुलं एका रात्रीत ‘गरीब’ झाली. 2022 पासून कॅलिफोर्नियानं तर राज्यभर सगळ्याच मुलांना जेवण मोफत केलं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा ‘साठ टक्के गरीब’ आणि आजचा ‘साठ टक्के गरीब’ हे शेजारी मांडण्याआधी, गरीब कसं ठरवलं ते तळटिपेत शोधावं लागतं.

आणि जुनी मोजणी तरी कितपत नेमकी होती? कॅथरीन मिशेलमोर आणि सुझन डिनार्स्की यांनी मिशिगन राज्यातल्या आठवीच्या मुलांच्या बालवाडीपासूनच्या नोंदी काढल्या. आठवीत जेवणाची सवलत घेणारी मुलं जवळजवळ निम्मी होती. बालवाडीपासून एकही वर्ष न चुकता सवलत घेणारी मात्र फक्त 14 टक्के. एखाद्या वर्षी बापाची नोकरी गेलेलं घर आणि नऊ-नऊ वर्षं वर न आलेलं घर, दोन्ही तक्त्यात एकाच खुणेची. गुणांत मात्र दुसऱ्या घरातली मुलं पहिल्या घरातल्या मुलांपेक्षाही बरीच मागे होती. म्हणजे दोन शाळांपुढे ‘पन्नास टक्के’ असंच लिहिलं असलं तरी दोघींच्या वाट्याला आलेलं काम सारखं असेल असं नाही.

वंशाची चौकट आणखी मजेशीर. मराठी इंजिनिअरचा मुलगा तिथे ‘एशियन’ या चौकटीत जातो. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या आणि मिनेसोटात किंवा फ्रेझ्नोत वसलेल्या ह्मोंग कुटुंबाची मुलगीही त्याच चौकटीत. एकाचे आईवडील पदवीच्या आणि व्हिसाच्या चाळणीतून निवडून आलेले, दुसरीचे आजीआजोबा जीव मुठीत धरून नदी ओलांडून आलेले. दोघांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो दोघांपैकी कोणाचाच नसतो. ‘एशियन मुलं हुशार’ हा आपल्याकडे कौतुकानं सांगितला जाणारा सिद्धान्त बराचसा या व्हिसाच्या चाळणीतून पडला आहे. चाळणीतून गव्हाऐवजी कोंडा पडला असता, तर आपण त्या चौकटीबद्दल असं छातीठोक बोललो असतो का?

तिसरी चौकट मराठी घराला थेट भेटते. शाळेत नाव घालताना एक प्रश्नावली भरावी लागते: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी कोणती भाषा चालते. तिथे खरं म्हणजे ‘मराठी’ लिहावं लागतं. लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. ते अमेरिकेत जन्मून इंग्रजीत भांडत असलं तरी होते. त्यामुळे “उगाच कशाला, इंग्रजीच लिही” हा सल्ला ओळखीपाळखीत फिरत असतो. चाचणीत मूल कमी पडलं तर ते ‘इंग्रजी शिकणारा’ या गटात जातं. आता या गटाची गंमत पाहा. मुलाला इंग्रजी चांगलं यायला लागलं की त्याला गटातून बाहेर काढतात. मागे राहतात ती न येणारी, आणि त्यांच्यात भर पडते ती परवा विमानातून उतरलेल्यांची. शाळेनं कितीही जीव तोडून शिकवलं तरी या गटाचा निकाल कायम वाईटच दिसणार, कारण पास झालेल्याचं नाव गटातून उडतं. दवाखान्यात बरा झालेला रोगी घरी जातो आणि कॉटवर आजारीच सापडतात, म्हणून कोणी दवाखान्याला दोष देत नाही. 2015 च्या कायद्यानं यावर थोडा उतारा दिला: बाहेर पडलेली मुलंही पुढची चार वर्षं या गटात धरण्याची राज्यांना मुभा आहे.

आता निकालाची बाजू. ‘गणितात 54 टक्के प्रवीण’ म्हणजे राज्यानं आखलेल्या रेषेच्या वर 54 टक्के मुलं आहेत. रेषेच्या किती वर आणि किती खाली, ते कळत नाही. रेषेच्या एक गुण खाली असलेलं मूल वर आलं तर आकडा हलतो. अगदी तळाचं मूल वर्षभरात दोन इयत्तांइतकं पुढे आलं, तरी रेषेखालीच राहिलं तर आकडा ढिम्म. दबावाखालच्या शाळांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. रेषेजवळच्या मुलांना जादा तास, तळाच्यांचं राम भरोसे.

बेरजेचाही एक चकवा असतो. दोन काल्पनिक शाळा घेऊ, दोन्हींत आठवीची शंभर मुलं. पहिलीत 80 मुलं खात्यापित्या घरची. त्यातली 56 प्रवीण, म्हणजे 70 टक्के. उरलेल्या 20 गरीब मुलांतली 6 प्रवीण, म्हणजे 30 टक्के. एकूण 62. दुसरीत 30 मुलं खात्यापित्या घरची, त्यातली 24 प्रवीण, म्हणजे 80 टक्के. 70 गरीब मुलांतली 28 प्रवीण, म्हणजे 40 टक्के. एकूण 52. मूल गरीब असो वा सधन, दोन्ही गटांत दुसरी शाळा दहा टक्क्यांनी सरस आहे. पण एकूण निकालात पहिली तिच्या दहा पावलं पुढे, आणि घराच्या जाहिरातीत भाव खाणार तीच. यात कोणी लबाडी केलेली नाही. भागाकार बिनचूक आहेत.

हा प्रश्न नवा नाही. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानं सरकारला देशातल्या शाळांमधली विषमता मोजायला सांगितलं. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांतल्या सहा लाखांहून जास्त मुलांची पाहणी झाली. सगळ्यांची अपेक्षा एकच होती. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत पुस्तकं कमी, प्रयोगशाळा कमी, म्हणून गुण कमी असं निघेल. पैसे ओतले की झालं. 1966 चा अहवाल निराळंच सांगू लागला. शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा मुलाच्या घराचा त्याच्या गुणांशी कितीतरी जवळचा संबंध होता. घराखालोखाल महत्त्वाचं होतं ते वर्गातले सोबती कोण आहेत हे. सरकारला हे इतकं अडचणीचं वाटलं, की अहवाल 4 जुलैच्या सुट्टीच्या तोंडावर, कोणाचं लक्ष नसताना, गुपचूप बाहेर सोडला गेला. पुढे अनेकांनी कोलमनचा अर्थ ‘शाळेनं काही फरक पडत नाही’ असा लावला. तो चुकीचा आहे. एका दिवशी घेतलेली परीक्षा मुलाच्या जन्मापासूनचं सगळं मोजते: पाळण्यातली गाणी, घरातली पुस्तकं, दात दुखत असताना दंतवैद्याकडे नेणारं कोणी होतं की नव्हतं, भाडं थकल्यामुळे वर्षात किती शाळा बदलल्या. त्यात सहावी ते आठवी ही तीन वर्षं कुठेतरी असतात, पण चिमूटभर.

मग शाळेचं काम वेगळं काढायचं कसं? मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे होतं, हे पाहायचं. ऐकायला इतकं साधं, पण ते रुळवलं एका शेतकी संख्याशास्त्रज्ञानं. टेनेसी विद्यापीठातले विल्यम सँडर्स यांनी पशुपैदाशीच्या अभ्यासात वापरतात त्या जातीचं गणित मुलांच्या वर्षावर्षाच्या गुणांना लावलं, आणि 1992 मध्ये त्या राज्यानं ते कायद्यात घेतलं. मास्तरांना हे रुचलं नाही. गोठ्यातलं गणित वर्गात आणलं म्हणून टिंगलही झाली. एकेका शिक्षकाचा पगार त्यावर ठरवावा का, यावर आजही कडाक्याचे वाद आहेत आणि माझ्या मते ते रास्त आहेत. पण शाळा किंवा शहर एवढ्या मोठ्या मापावर ही नजर बरंच काही दाखवते. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशातल्या 11 हजार शाळा-जिल्ह्यांतल्या सुमारे 30 कोटी निकालांची मोजणी केली. 2017 साली त्यांनी दाखवलं, की तिसरीतले सरासरी गुण पाहून तिसरी ते आठवी मुलं किती पुढे जातील याचा अंदाज जवळजवळ बांधताच येत नाही. शिकागोची मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या खूप मागे होती. पण पुढच्या पाच वर्षांत ती सहा वर्षांइतकं शिकली. ज्या शिकागोच्या शाळा एके काळी देशातल्या सगळ्यांत वाईट म्हणून गाजल्या, त्याच शिकागोच्या. आणि काही सधन उपनगरांत तिसरीत उत्तम दिसणारी मुलं पुढे मात्र सावकाश वाढत होती. ग्रेटस्कूल्सनंही अलीकडे आपल्या आकड्यात या वाढीला जास्त वजन दिलं आहे. तरी घर बघणाऱ्याच्या तोंडी ‘सहा’ आणि ‘नऊ’ हेच राहतं.

आकड्यावर नोकऱ्या टांगल्या की आकडा नासतो, हे अटलांटानं दाखवलं. तिथल्या पार्क्स मिडल स्कूलमध्ये आठवीचा गणिताचा निकाल एका वर्षात 24 टक्क्यांवरून 86 टक्क्यांवर गेला होता. गरीब वस्तीतली शाळा, म्हणून कौतुकाचा वर्षाव झाला. पुढे शहरातल्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली, तेव्हा चुकीचं उत्तर पुसून बरोबर केल्याच्या खुणा योगायोगाच्या पलीकडे निघाल्या. 2011 च्या सरकारी अहवालात तपासलेल्या 56 शाळांपैकी 44 शाळांत लबाडी सापडली. 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली आणि 2015 मध्ये 11 जण संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली दोषी ठरले. आपल्याला हसायला जागा नाही. दहावीचा ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’ हा फलक टिकवायला नववीतल्या कच्च्या मुलाला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवण्याची युक्ती महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? तिथे उत्तर पुसलं, इथे मूलच पुसतात.

मिडल स्कूलच्या निकालाला आणखी एक खड्डा असतो, आणि तो कोणत्याही एका शाळेचा नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवूड यांनी 2010 मध्ये न्यूयॉर्क शहरातली मुलं पाहिली. काही मुलं आठवीपर्यंत एकाच शाळेत राहतात, काहींना सहावीत किंवा सातवीत नव्या शाळेत जावं लागतं. शाळा बदलणाऱ्यांचे गुण त्याच वर्षी घसरतात आणि आठवीपर्यंत सावरत नाहीत. चार शाळांतून आलेली अनोळखी तोंडं, तासातासाला बदलणारे शिक्षक, आणि त्यातच मिसरूड फुटायचं वय.

इतकं सगळं पाहूनही एक गोष्ट शाळेच्या पानावर सापडत नाही: एकाच छपराखाली कोणाला काय शिकवलं जातं. अमेरिकेत आठवीत बीजगणित मिळालं तर बारावीपर्यंत कलनापर्यंत पोहोचता येतं, नाही तर मागचा डबा पकडावा लागतो. सरासरीनं चांगल्या असलेल्या शाळेतही ‘पुढच्या’ आणि ‘मागच्या’ गणिताच्या खोलीत डोकावलं, तर बाकांवरचे चेहरे वेगवेगळे दिसू शकतात. 1982 साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये बॉब मोझेस यांची मुलगी आठवीत गेली. मोझेस म्हणजे मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करताना मार खाल्लेले कार्यकर्ते, आणि पेशानं गणिताचे शिक्षक. मुलीच्या शाळेत बीजगणित शिकवतच नव्हते. बाईंनी त्यांनाच वर्गात येऊन शिकवायला सांगितलं, तेव्हा मुलीबरोबर आणखी काही मुलांना घेऊन ते एका कोपऱ्यात बसू लागले. वर्षाअखेरीस त्या कोपऱ्यातल्या ज्या मुलांनी शहराची बीजगणिताची परीक्षा दिली, ती उत्तीर्ण झाली. यातूनच पुढे ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि देशभर पसरला. त्या काळी शाळांची प्रगतिपुस्तकं छापत असते, तरी त्या कोपऱ्यातल्या चार डोक्यांनी शाळेचा आकडा हलला नसता.